कंठातील चामखीळ आणि बीजाची कल्पना

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरांवर असलेले उमरेड हे विणकरांचे जुने गाव होय. विसाव्या शतकाच्या आरंभी ते रेशीमकाठी कापडासाठी प्रसिद्ध होते. पुढे कोळशाच्या खाणीमुळे त्याचे नाव झाले. तेथे नागपुरी बोलीतील शरीरविषयक शब्दांची टिपणे घेत असता प्रस्तुत लेखकास एका घरी एक वाक्य ऐकावयास मिळाले, आणि तेच ह्या निबंधाचे निमित्त ठरले. घरातील सहा-सात वर्षांच्या मुलाचा आवाज तिसऱ्या वर्षापासून घोगरा होत होत जवळजवळ नाहीसा झाला होता. नागपूरच्या एका रुग्णालयात त्याच्या कंठातील चामखिळी पाच वेळा काढण्यात आल्या होत्या आणि पाचही वेळा त्या पुन्हा उगवल्या होत्या. हा रोग ‘आईकडून येतो’ असे कोणीतरी घरच्यांना सांगितले होते. मुलाची आजी म्हणाली, “तिच्या माहेरचंच आहे जी ते. आमच्या घराण्यात कोणालेच नाही असं.” मुलाची आई दाराशी उभी राहून हे ऐकत होती.

‘आईकडून’ ह्या शब्दात जे ‘कडून’ आहे, ते मराठीत अनेक कामे करते. निरोप आईकडून येतो, दागिना आईकडून येतो, डोळ्यांचा घारेपणा आईकडून येतो आणि घरातली सर्दीही आईकडून येते. पहिल्या दोहोंत देणे आहे, तिसऱ्यात वारसा आहे, चौथ्यात संसर्ग आहे. वैद्याला चौथा अर्थ अभिप्रेत होता. आजीने तिसरा घेतला. हा केवळ अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण ह्या रोगाच्या इतिहासात विद्वानांनीही हे दोन अर्थ वेगळे करण्यास फार काळ घेतला. आणि ते वेगळे केल्यावर गेल्या पंचवीस वर्षांत एका निराळ्याच रीतीने त्यांना पुन्हा एकत्र आणावे लागले. तो इतिहास येथे शब्दांच्या अंगाने पाहावयाचा आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी ६ आणि ११ ह्या क्रमांकांचे दोन प्रकार श्वासमार्गात, विशेषतः स्वररज्जूंवर, द्राक्षाच्या लहान घोसासारख्या गाठी उत्पन्न करतात. श्वासमार्गाचे केसल अस्तर आणि स्वररज्जूंवरील चापट पेशींचे अस्तर जेथे एकमेकांस भिडतात, ती जागा त्यांना विशेष मानवते. गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. तथापि लहान मुलाचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असल्यामुळे त्या घातक ठरू शकतात. आरंभी आवाज बसतो, पुढे श्वास घेताना आवाज होऊ लागतो, आणि पुष्कळ मुलांवर दमा समजून महिनोन्महिने उपचार होतात. शस्त्रक्रियेने गाठी निघतात, परंतु विषाणू आसपासच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरात राहतो. हे बेटी स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवून दिले. म्हणूनच गाठी पुन्हा येतात. काही रुग्णांवर आयुष्यात पन्नास-शंभर शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. रोग विरळ आहे. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे प्रमाण एक लाख मुलांमागे ४.३ असे काढण्यात आले होते.

आता शब्दाकडे वळू. ‘चामखीळ’ हा शब्द संस्कृत ‘चर्मकील’ ह्यावरून आला, ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ‘चर्म’चे प्राकृतात ‘चम्म’ झाले आणि जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर दीर्घ होऊन मराठीत ‘चाम’ झाले. ‘कील’मधील ‘क’चा ‘ख’ प्राकृतातच झालेला आहे आणि ‘खीळ’, ‘खिळा’ हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे चामखीळ हा कातड्यात ठोकलेला खिळा. सुश्रुताने निदानस्थानात अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, अध्यायाच्या शेवटी चर्मकीलाचा उल्लेख केला आहे. व्यान वायू कफासह बाहेरील त्वचेवर खिळ्याप्रमाणे स्थिर असे अंकुर उत्पन्न करतो, असा त्याचा आशय आहे. चामखिळीचे वर्णन मूळव्याधीच्या अध्यायात कसे, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. सुश्रुताच्या दृष्टीने अर्श हे मांसाच्या अंकुराचे सामान्य नाव होते. त्याच अध्यायात नाक, कान, डोळे आणि मुख येथील अर्श सांगितले आहेत, आणि मुखातील अर्श कंठ, ओठ किंवा टाळू ह्यांपैकी कोठेही झाल्यास वाणी गद्गद होते असे लक्षण दिले आहे. शिवाय कंठरोगांत ‘स्वरघ्न’ आणि ‘मांसतान’ हे दोन रोग वर्णिले आहेत. मांसतान म्हणजे कंठात लोंबणारी, पसरत जाऊन हळूहळू गळा रोधणारी आणि अखेर प्राण घेणारी सूज. ही वर्णने वाचून आपल्यासमोरील रोग सुश्रुतास ठाऊक होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. आरशावाचून जिवंत माणसाचा स्वरयंत्रापर्यंतचा भाग दिसत नाही, आणि गळा रोधणाऱ्या रोगांची संख्या मोठी आहे. एवढेच म्हणता येते की कंठातील मांसांकुर आणि वाणीचा बिघाड ह्यांची सांगड त्या काळी घातली गेली होती.

चरकाला मात्र सुश्रुताचा हा विस्तार मान्य नव्हता. इतर ठिकाणच्या अशा वाढींना काही जण अर्श म्हणतात खरे, पण त्यांना ‘अधिमांस’ म्हणावे आणि अर्श हे नाव गुदवलींपुरते ठेवावे, असे तो चिकित्सास्थानात सांगतो. परिभाषेविषयीचा हा काटेकोरपणा मला नेहमीच हृद्य वाटत आला आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग पुढेच आहे. चरक अर्शाचे दोन भेद करतो: जन्मासह आलेले ते ‘सहज’ आणि जन्मानंतर झालेले ते ‘उत्तरकालज’. सहज अर्शांचे कारण म्हणून तो बीजाच्या त्या अवयवापुरत्या भागाला झालेला उपताप सांगतो. संपूर्ण बीज दूषित नसते. गुदवलींचे जे बीज, तेवढेच तापलेले असते. हा उपताप कशाने होतो? माता आणि पिता ह्या दोघांच्या अपचाराने, किंवा पूर्वकर्माने.

शारीरस्थानात ह्याच कल्पनेचा अधिक खोल विचार आहे. तेथे भरद्वाज आत्रेयाला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारतो: मनुष्यापासून मनुष्य होतो, मग जड, अंध, मूक, गेंगाणे बोलणारे, कुष्ठी अशा आईबापांची मुले त्यांच्यासारखी का होत नाहीत? उत्तर असे की बीजाचा जो भाग उपतप्त होतो, त्या भागापासून होणाऱ्या अवयवातच विकृती येते. तो भाग शुद्ध असल्यास येत नाही. वारसा अटळ नाही, अंशतः आहे, आणि कोणत्या अंशाचा हे पाहावे लागते, इतके तरी त्या उत्तरातून निश्चित निघते. ह्यात आधुनिक जनुक शोधणारे लेख अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. ते मला पटत नाहीत. चरकाचे बीज हे पुढील पिढ्यांत गणिताने विभागले जाणारे द्रव्य नव्हे, आणि पूर्वकर्माला प्रयोगशाळेत जागा नाही. पण प्रश्न तोच आहे: एकाच घरात, एकाच कारणासमोर, एकाला रोग होतो आणि दुसऱ्याला का नाही?

ह्या विचारसरणीत आईकडे झुकणारा एक भाग आहे, आणि उमरेडच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईची आठवण ठेवून तो येथे सांगितला पाहिजे. गर्भाचे कोणते घटक कोणापासून येतात ह्याची यादी देताना चरक केश, नखे, दात, अस्थी, स्नायू इत्यादी पितृज मानतो आणि त्वचा, रक्त, मांस, मेद इत्यादी मातृज. चामखीळ त्वचेची, अधिमांस मांसाचे; म्हणजे त्या यादीप्रमाणे दोन्ही आईच्या वाट्याची. बीजोपतापाच्या प्रकरणात दोघांनाही जबाबदार धरणाऱ्या ग्रंथातच ही विभागणी शेजारी नांदते. आजीबाईंनी चरक वाचला नव्हता हे उघड आहे. परंतु ‘कातडी आईची, हाडे बापाची’ ह्या जातीची समजूत केवळ ग्रंथातच राहिली असेल असे मानण्याचे कारण नाही.

संसर्गाची कल्पनाही प्राचीनांना अपरिचित नव्हती. अंगाला अंग लागणे, एकत्र जेवणे, एका शय्येवर निजणे, दुसऱ्याची वस्त्रे आणि माळा वापरणे ह्यांनी काही रोग माणसाकडून माणसाकडे जातात, असे सुश्रुताने कुष्ठनिदानाच्या अखेरीस सांगितले आहे. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्याच अध्यायात कुष्ठाने दूषित झालेल्या शुक्र-शोणितापासून होणारे अपत्य कुष्ठी होते असेही म्हटले आहे. एकाच रोगाला दोन वाटा! युरोपात हाच वाद एकोणिसाव्या शतकात झाला. १८४७ साली डॅनिएलसेन आणि बोएक ह्या नॉर्वेच्या वैद्यांनी कुष्ठरोग आनुवंशिक ठरविला. १८७३ साली त्याच देशातील हॅन्सेनने त्याचा जंतू पाहिला आणि आनुवंशाचा पक्ष मागे पडला. ह्या दोन मतांची सामाजिक किंमत विदर्भाला सांगावयास नको. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाणांनी आणि वरोऱ्यास १९४९ साली बाबा आमट्यांनी कुष्ठसेवेचे काम उभारले, तेव्हा रुग्णावर संसर्गाचा बहिष्कार होता आणि त्याच्या निरोगी नातेवाइकांवर वंशाचा. एकाच घरावर दोन्ही शिक्षा होत होत्या.

कंठातील चामखिळीचा पाश्चात्त्य इतिहास ह्याच वळणाने गेला. ‘घशातील चामखिळी’ ह्या वर्णनाचे श्रेय परंपरेने मार्सेलस डोनेटस ह्यास दिले जाते आणि ते सतराव्या शतकातील धरले जाते. परंतु रोग दिसू लागला तो एका गायनशिक्षकामुळे. मानुएल गार्सिया ह्या स्पॅनिश गायकाने १८५४ साली दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरून सूर्यप्रकाशात स्वतःच्या स्वररज्जूंची हालचाल पाहिली आणि पुढील वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याला रोग शोधावयाचा नव्हता, स्वर कसा निर्माण होतो हे पाहावयाचे होते. आपल्या प्रातिशाख्यकारांनी कंठ मिटला असता नाद आणि उघडला असता श्वास उत्पन्न होतो हे केवळ कानाने आणि अनुमानाने ठरविले होते. गार्सियाने ते डोळ्याने पाहिले. ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्या योगायोगाचा थोडा अभिमान वाटल्यास क्षम्य मानावे. लवकरच वैद्यांनी ते साधन उचलले, आणि १८७१ साली मोरेल मॅकेन्झी ह्या इंग्रज कंठवैद्याने स्वरयंत्रातील वाढींच्या १०० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध करून मुलांमधील ह्या गाठींकडे स्वतंत्र लक्ष वेधले.

त्यानंतर कारणाचा शोध सुरू झाला. १९०७ साली इटलीतील चुफ्फो ह्याने हातावरील चामखिळीचा पेशीरहित गाळ टोचून नवी चामखीळ उठविली. १९२३ साली उलमान ह्याने एका मुलाच्या कंठातील गाठीचा अर्क स्वतःच्या हातात टोचून घेतला आणि तेथे चामखिळी आल्या. कंठातील व कातड्यावरील खिळा एकाच जातीचा आहे, हे त्याने आपल्या अंगावर सिद्ध केले. सुश्रुताने ज्यांना एका अध्यायात घातले होते आणि चरकाने ज्यांची नावे वेगळी केली होती, ते दोन रोग ह्या रीतीने पुन्हा एका घरात आले, हे गमतीने म्हणता येईल. प्रमाण म्हणून नव्हे. पुढे १९५६ साली हायेक ह्याने मुलाच्या कंठातील गाठी आणि प्रसूतीच्या वेळी आईच्या जननमार्गावर असलेल्या चामखिळी ह्यांचा संबंध दाखविला. ‘आईकडून’ ह्याचा वैद्यकीय अर्थ येथे निश्चित झाला: तो बीजाचा वारसा नसून, मूल बाहेर येते त्या वाटेवरचा स्पर्श होता.

ह्या टप्प्यावर महाराष्ट्राचा धागा येतो. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कीर्ती शहा हे आरंभी पुण्याच्याच व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये होते. रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद ह्यांनी १९५२ साली स्थापिलेली हीच संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात उघडकीस आलेल्या क्यासनूर जंगलज्वरावरील लशीच्या कामात शहांचा भाग होता. पुढे ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. १९८२ साली फीबी माउंट्स, शहा आणि कंठशल्यवैद्य हॅस्किन्स काशिमा ह्यांनी मुलांच्या व प्रौढांच्या, अशा दोन्ही प्रकारच्या कंठगाठींत मानवी पॅपिलोमा विषाणू असल्याचे सिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीत गिसमान आणि हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांच्या गटाने कंठातील गाठीतूनच ह्या विषाणूचा ११ क्रमांकाचा प्रकार वेगळा केला. त्सुर हाउझेन ह्यांना पुढे २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला हा विषाणू अनिवार्य कारण आहे, हे सांगणाऱ्या १९९९ च्या प्रसिद्ध निबंधाच्या लेखकांतही शहा होते. पुण्याच्या प्रयोगशाळेत घडलेल्या ह्या संशोधकाची मराठी वाङ्मयात फारशी दखल घेतली गेलेली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

येथवर इतिहास सरळ आहे: बीजाची कल्पना हरली, संसर्गाची जिंकली. परंतु शहा सहलेखक असलेल्या २००३ सालच्या एका निबंधाने हा सरळपणा मोडला. डेन्मार्कमध्ये प्रत्येक जन्माची व रोगाची नोंद राहते. त्या नोंदी तपासून सिल्व्हरबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखविले की गरोदरपणी जननमार्गावर चामखिळी असलेल्या मातांच्या मुलांना हा रोग होण्याचा संभव इतर मुलांपेक्षा २३१ पट अधिक असतो. संसर्गाचा ह्याहून ठळक पुरावा मागता येणार नाही. पण त्याच निबंधातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. अशा मातांच्या दर १,००० मुलांपैकी रोग झाला तो सुमारे ७ मुलांना. उरलेली ९९३ मुले त्याच वाटेने आली आणि निरोगी राहिली. दीर्घकाळ चाललेल्या प्रसूतीत धोका वाढतो हे त्यांना आढळले. शस्त्रक्रियेने प्रसूती केल्याने तो टळतो असे मात्र दिसले नाही. मग ह्या सातांत आणि नऊशे त्र्याण्णवांत भेद कशाचा? भरद्वाजाचा प्रश्न कोपनहेगनच्या नोंदवहीतून पुन्हा विचारला गेला.

उत्तराचा एक भाग प्रतिकारशक्तीच्या जनुकांत सापडतो. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एच.एल.ए. नावाची प्रथिने असतात. शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्याचे तुकडे ती जणू तबकात ठेवून पहारेकरी पेशींना दाखवितात. ह्या तबकांचे आकार माणसामाणसांत भिन्न असतात, आणि ते आई व बाप ह्या दोघांकडून एकेक असे येतात. ब्रिटनमध्ये गेल्डर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ६० रुग्णांची तुलना ५५४ निरोगी माणसांशी केली, तेव्हा डीआरबी१*०३०१ ह्या नावाचा प्रकार रुग्णांत स्पष्टपणे अधिक आढळला. न्यूयॉर्कच्या परिसरात व्हिन्सेंट बोनागुरा ह्यांच्या गटानेही ह्याच प्रकाराकडे बोट दाखविले, आणि २०१० साली असेही दाखविले की नैसर्गिक मारक पेशींना चेतविणारी काही ग्राहके, ३डीएस१ आणि २डीएस१, ज्यांच्यात असतात त्यांना रोगाच्या उग्र रूपापासून काहीसे संरक्षण मिळते. रुग्णांची एकूण प्रतिकारशक्ती दुबळी नसते. ती मुले इतर रोगांशी सर्वसामान्य मुलांप्रमाणेच झुंजतात. केवळ ह्या एका विषाणूपुढे त्यांचे शरीर शत्रूशी लढण्याऐवजी त्याला सांभाळून घेण्याकडे झुकते. बीज बिघडलेले नाही. एका विशिष्ट पाहुण्यासाठी त्याचा दरवाजा सैल आहे, एवढेच.

ह्याला अपवाद आहेत. २०१९ साली ड्रुटमन आणि सहकाऱ्यांनी दोन सख्ख्या भावंडांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्यात एनएलआरपी१ ह्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या होत्या आणि त्यांना कंठगाठींचा उग्र रोग त्वचेच्या इतर विकारांसह झाला होता. येथे एकच जनुक पुरेसे ठरले, आणि दोन्ही प्रती बदललेल्या म्हणजे एक आईची आणि एक बापाची. पण अशी कुटुंबे फार थोडी. बहुसंख्य रुग्णांत अनेक जनुकांचा थोडाथोडा भार, विषाणूची मात्रा, प्रसूतीचा काळ असे सारे मिळून रोग होतो.

युरोपीय रुग्णांवरून काढलेले हे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावता येतील काय? ह्याविषयी सावध राहण्याचे शिक्षण मुंबईनेच दिलेले आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि एल. डी. संघवी ह्यांनी १९४९ च्या सुमारास मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच शहरात पिढ्यान्पिढ्या शेजारी राहणारे, एकच भाषा बोलणारे गटही रक्तगटादी लक्षणांच्या प्रमाणात सारखे नसतात, हे अशा अभ्यासांनी उघड झाले. एच.एल.ए.च्या बाबतीतही तोच अनुभव आहे: युरोपात डीआर३ हा प्रकार ज्या शेजारी जनुकांच्या साखळीत बहुधा सापडतो, तिच्याहून निराळी साखळी भारतीयांत आढळते. नाव एक, घराणे वेगळे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात नवल वाटू नये; दोन बोलींतील एकाच रूपाच्या शब्दांचा इतिहास एक असतोच असे नाही. तेव्हा ह्या रोगाची प्रवणता आपल्या लोकांत कोणत्या जनुकांशी बांधलेली आहे, हे आपल्याच रुग्णांवरून ठरवावे लागेल. मात्र त्याचा अर्थ अमुक जातीला हा रोग होतो असा काढू नये. अंतर्विवाही गटांतील फरक हे प्रमाणाचे फरक असतात, आणि प्रत्येक गटात सर्व प्रकार थोडेबहुत असतातच.

विदर्भात तर वारशाने येणाऱ्या रोगाचा एक नमुना लोकांच्या मनात घट्ट बसलेला आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी ह्यांनी मध्य भारतातील सिकलसेलचा वृत्तांत लॅन्सेट ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेव्हापासून, आणि विशेषतः रक्ततपासणीची शिबिरे गावोगाव होऊ लागल्यापासून, ‘सिकलसेल’ हा शब्द येथे मराठीच झाला आहे. उमरेडच्या त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारलेला एकमेव प्रश्न हाच होता: हे सिकलसेलसारखे आहे का? सिकलसेलमध्ये एका जनुकातील एका बदलाची प्रत दोन्ही बाजूंनी आली की रोग होतो. एकाच बाजूने आली तर माणूस निरोगी राहतो, इतकेच नव्हे, तर मारक हिवतापापासून त्याला संरक्षण मिळते. कंठातील चामखिळीचे गणित इतके सुबक नाही. येथे जनुक रोग देत नाही, रोगाला वाट देतो. आणि विषाणू आलाच नाही, तर ती वाट जन्मभर रिकामी राहते. दोहोंत एक गोष्ट मात्र समान आहे, आणि तीच नेमकी विसरली जाते: दोन्हींत बापाचा वाटा आईइतकाच असतो.

ह्या ठिकाणी परिभाषेचा प्रश्न उभा राहतो. मराठीत ‘आनुवंशिक’, ‘जन्मजात’, ‘उपजत’ आणि ‘पिढीजात’ हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. कंठातील हा रोग जन्माच्या वेळी मिळू शकतो, म्हणून सैल अर्थाने जन्मजात म्हणता येईल. पण तो आनुवंशिक नाही. रोगाविषयीची प्रवणता आनुवंशिक आहे. पण ती पिढीजात दिसेलच असे नाही, कारण विषाणूची गाठ पडल्यावाचून ती प्रकट होत नाही. इंग्रजी संज्ञेसाठी ‘ग्रहणशीलता’ हा शब्द काही पुस्तकांतून दिसतो. त्यात रुग्ण रोग हौसेने ग्रहण करतो असा ध्वनी असल्यामुळे मी ‘प्रवणता’ पसंत करतो. उताराकडे झुकलेली जमीन म्हणजे प्रवण जमीन. पाणी आले तर वाहील, न आले तर कोरडी राहील. आणि ‘विषाणू’ हा शब्द मला अर्थवाही वाटतो, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ विष असाच आहे.

पाणी अडविण्याचा उपाय आता उपलब्ध आहे, आणि त्यातही पुण्याचा वाटा आहे. विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ ह्या चार प्रकारांविरुद्धची लस २००६ साली अमेरिकेत मान्य झाली. ऑस्ट्रेलियाने मुलींना ती राष्ट्रीय योजनेतून २००७ पासून दिली. तेथे मुलांमधील ह्या कंठरोगाचे प्रमाण २०१२ साली एक लाखामागे ०.१६ होते, ते २०१६ साली ०.०२ वर आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ ह्या चौरंगी लशीला भारतात २०२२ साली मान्यता मिळाली. ती लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी म्हणून ओळखली जाते. तिच्यातील ६ आणि ११ हे दोन प्रकार जननमार्गावरील चामखिळींसाठी आणि ह्या मुलांच्या कंठासाठी आहेत, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्यांना रोग झालेला आहे त्यांच्यासाठी, पण केवळ प्रौढांसाठी, विषाणूविरुद्ध शरीराला जागे करणारे एक औषध अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य झाले. बाकीच्यांसाठी अजून शस्त्रक्रियाच आहे.

टिपणे तपासण्याच्या निमित्ताने मी उमरेडला पुन्हा गेलो, तेव्हा मुलाची आणखी एक शस्त्रक्रिया झाली होती आणि तो बारीक आवाजात का होईना, बोलत होता. त्याच्या आजीला मी जमेल तसे सांगितले: खिळा बाहेरून आला, नकळत आला, कोणाचा दोष नाही, आणि तो रुजू देणारे जे अंगात असते, ते अर्धे आईकडचे आणि अर्धे बापाकडचे, म्हणजे त्याच्या आजोबांचे किंवा आजीचे. त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाल्या, “मंग माह्या माहेरचं बी असू शकते म्हना.” मी म्हणालो, असू शकते. मुलाची आई आतून चहा घेऊन आली.